नुसतं सुइतू

वाय्यापाता गावच्या सभेत अध्यक्ष विल्बेर लॅपटॉपवरचे आकडे वाचत होता. यादी लेओकादियाची. तालुक्याच्या कचेरीत टायपिस्ट असताना तिने कमावलेली विद्या आता गावच्या बटाट्यांच्या कामी येत होती. कोणत्या घरात कोणतं बियाणं आहे, ते एका रकान्यात एकाखाली एक लिहिलेलं. सर्वांत कमी घरांत उरलेल्या वाणाला तळ्याकाठचं वरचं वावर मिळायचं होतं. तिथवर करपा चढत नसे.

"याना सुइतू, दोन घरं," विल्बेर म्हणाला. "ते पेरणार लेओकादियाबाई, म्हणजे वावर त्यांचं."

"आणि माझं सुइतू?" फोर्तुनाताने विचारलं. करप्यातून वाचलेलं तिचं सगळं बियाणं मांडीवरच्या टोपलीत मावलं होतं. यंदा पुन्हा खाली पेरलं, तर तेही जाणार होतं.

"सुइतू एकतीस घरांत आहे, मावशी."

"असं? मग त्या एकतीस जणींनी मला मूठभर द्यावं की." फोर्तुनाता लेओकादियाकडे वळली. "कोमाद्रे, तुझ्या यंत्राला काळं-तांबडं दिसत नाही वाटतं. डोळे तपासून आण त्याचे."

सभा हसली. फोर्तुनाताच्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला लेओकादिया धर्ममाता झाली होती; तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि मनसोक्त टोचत.

लेओकादिया मात्र हसली नाही. तिला आईच्या वेळची मोजणी आठवली. बायका घोंगडीवर मक्याचा दाणा टाकत आणि वाणाचं नाव पुरतं उच्चारत. याना सुइतू म्हणजे काळं, पुका सुइतू म्हणजे तांबडं. ज्याच्यामागे रंग नाही, नुसतं सुइतू, ते या सगळ्यांची आई. दाणे कधी एकमेकांत मिसळले नाहीत.

आणि आपण काय केलं? एकही घर सुटू नये म्हणून मोजायच्या नावाच्या दोन्ही बाजूंना फुल्या टाकल्या, म्हणजे मागेपुढे काहीही असलं तरी चालेल. मग जिथे जिथे सुइतू हा शब्द आला, काळ्यात, तांबड्यात, ते सगळं यंत्राने नुसत्या सुइतूच्या नावावर घातलं.

ती उठली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"काय झालं?" विल्बेरने विचारलं.

"फुल्या काढतेय. आता अख्खा चौकोन जुळला तरच मोजेल. अर्धंमुर्धं नाही."

आकडा बदलला. एक.

विल्बेरने वाकून पाहिलं. "नक्की ना? एखादीने नावापुढे आणखी काही लिहिलं असेल तर?"

"लिहिलं मी, तिने नाही. आणि मी एक नाव एकाच तऱ्हेने लिहिते. हवं तर विचार सभेला."

त्याने विचारलं. नुसतं सुइतू कोणाकडे आहे? एकटी फोर्तुनाता टोपली घेऊन उभी राहिली.

"पण मग वावर तुमच्या हातून जातं, बाई," विल्बेर हळूच म्हणाला.

"एक लहान की दोन, हेही मीच सांगू का? लिही तिचं नाव."

हात वर झाले, वावर फोर्तुनाताला गेलं. ती लेओकादियाजवळ येऊन बसली आणि कोकाची चार चांगली पानं निवडून तिच्या तळहातावर ठेवली.

"तुझ्या काळ्याचं आता काय?"

"बांधालगतची सरी माझी," लेओकादिया पानं गालात सारत म्हणाली. "विचारत नाहीये, सांगतेय. नांगराला तुझा जावई पाठव, माझ्याच्याने आता रेटवत नाही."

"पाठवते. पण जेवण तुझ्याकडे. खातो फार."