‘लोकरी’ऐवजी ‘लाल’ वाचावे

त्या प्रकाशनात लहानथोर सगळेच तिला वहिनी म्हणत. खरं तर ती एकाच बाईची वहिनी, पण नाव पडलं ते पडलं. पाठीमागचं नाव वेगळं होतं, गाळणी. छापायला जाणारी ओळन् ओळ तिच्या पेन्सिलीखालून जायची आणि एक खडा म्हणून शिल्लक राहायचा नाही. ती पेन्सिल अंबाड्यात खोचलेली असायची. जेवतानासुद्धा.

वहिनीला कसला अभिमान असेल, तर आपल्या घरच्या एकाही पुस्तकात आजवर शुद्धिपत्र गेलं नाही याचा. पुस्तक छापून झाल्यावर ‘अमुकऐवजी तमुक वाचावे’ असं कबूल करणारी ती चिठ्ठी म्हणजे, तिच्या मते, भर चौकात कान धरून उभं राहणं. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात तसली चिठ्ठी सापडली की ती नवऱ्यापुढे धरायची. “अहो, बघा. कुणाचं तरी नाक कापलं गेलं.”

नवरा प्रकाशक. त्याला सगळे दादा म्हणत. दादा दरवर्षी जाडजूड, वजनदार पुस्तकं काढायचा आणि ती गोदामात सुखाने नांदायची. घर चालायचं ते त्याच्या धाकट्या बहिणीवर. ही बहीण मुलांसाठी रहस्यकथा लिहायची. मारामारी नाही, भुतं नाहीत. एक चोरी, चार संशयित, आणि वाचणाऱ्याने डोकं चालवून चोर ओळखायचा. मुलं तिला कोडेमावशी म्हणायची आणि तिच्या नव्या पुस्तकासाठी आईबापांचा जीव खायची.

या पुस्तकांची एक रीत होती. शेवटच्या प्रकरणाची पानं कागदी पट्टी चिकटवून बंद केलेली असत. पट्टीवर छापलेलं असे, ‘थांबा. जे मला माहीत आहे, ते आता तुम्हालाही माहीत आहे. आधी तुम्ही सांगा.’ आणि पहिल्या पानावर कोडेमावशीचा शब्द असे, ‘मी एकही धागा लपवलेला नाही. लपवला असं तुम्ही दाखवून दिलंत, तर यापुढे मी कोडं घालणार नाही.’ हा शब्द शोभेचा नव्हता. ती बाई हट्टी. लहानपणी एकदा चिडून ‘यापुढे साखर खाणार नाही’ म्हणाली होती, ती आजही चहा बिनसाखरेचा पिते.

वहिनीचा नणंदेवर फार जीव. तिच्या पुस्तकांवर मात्र नाही. “चोर कोण ते माहीत असून शेवटपर्यंत सांगायचं नाही, याला काय म्हणायचं? आम्ही त्याला आतल्या गाठीचा माणूस म्हणतो,” ती म्हणायची. तपासायची मात्र इमानेइतबारे. शेवटचं प्रकरण तेवढं तिच्याकडे येत नसे. ते नणंद स्वतः तपासायची, कारण वहिनीच्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर होतं.

या वेळी नणंदेच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाचायला बंदी केली. मग आधीची सगळी प्रकरणं वहिनीने एकटीने पाहिली आणि शेवटचं दादाने. दादाने बाकीचं पुस्तक वाचलंच नव्हतं. वहिनीला शेवट ठाऊक नव्हता. आणि माशी शिंकली ती इथेच.

गोष्ट होती संगीत विद्यालयातली. कार्यक्रमाच्या मध्यात वीज जाते, आणि येते तेव्हा कपाटातला चांदीचा चषक गायब. गाण्याच्या बाई साक्ष देतात, “डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख होता. तेवढ्यात लाल स्वेटर घातलेलं कुणीतरी माझ्या समोरून पळालं.” स्वेटर असतो बासरी शिकणाऱ्या मुलाचा, आणि सगळे त्या बिचाऱ्याच्या मागे लागतात.

वहिनी त्या ओळीपाशी आली आणि थबकली. काळोखात लाल रंग दिसला? अगं बाई, डोळ्यांबरोबर अक्कलही बांधून ठेवलीस की काय? पण चूक दिसली की नुसती खोडायची, हा वहिनीचा स्वभाव नव्हे. ती नीट करायची. तिने ‘लाल’च्या जागी ‘लोकरी’ केलं आणि ‘माझ्या समोरून पळालं’च्या जागी ‘मला घासून गेलं’. काळोखात दिसत नाही, पण लोकर अंगाला लागली तर कळते की नाही? वाक्य कसं चोख झालं. त्या दिवशी ती स्वतःवरच खूश होती. नणंदेला सांगायचंही तिला सुचलं नाही. तिने झाकलेल्या अशा चुका सांगत बसली असती, तर दुसरं काही बोलायला वेळच उरला नसता.

पुस्तकं बांधून झाली, पेट्या भरल्या. त्या दुकानांत जाण्याआधी रिवाजाप्रमाणे पट्टी फोडायचा दिवस आला. आसपासच्या मुलांना प्रती आठवडाभर आधी मिळत. पट्टी न फोडता ती घेऊन त्यांनी छापखान्याच्या वरच्या खोलीत जमायचं, आपापला चोर सांगायचा, आणि मग सगळ्यांनी एकदम पट्टी फोडायची. कागदाच्या गठ्ठ्यांवर मुलं दाटीवाटीने बसली. काळा चष्मा लावून कोडेमावशी खुर्चीत. दारापाशी वहिनी, हातात बिस्किटांचा डबा.

एरवी या खोलीत कान किटायचे. आज मुलं गप्प होती. एक म्हणाली शिपाई, का तर तो नीट बोलत नाही. दुसरा म्हणाला मुख्याध्यापक, का तर असंच. शेवटी एक उंच मुलगा उभा राहिला.

“मावशी, या वेळी धरायला काहीच नाहीये. मी दोनदा वाचलं. तुम्ही लपवलंय.”

“मी लपवत नसते,” कोडेमावशी हसून म्हणाली. “गाण्याच्या बाईंची साक्ष वाच बघू मोठ्याने.”

त्याने वाचली. लोकरी स्वेटर, मला घासून गेलं.

“पुन्हा वाच.”

त्याने पुन्हा वाचली. कोडेमावशीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. काळ्या चष्म्याआडून तिने दाराकडे पाहिलं, फक्त एकदा. वहिनीला उमगलं. लाल. तो लाल हाच धागा होता! खोटी साक्ष देणाऱ्या बाईला आपण आपल्या हाताने खरी करून ठेवलं होतं.

आता नणंद बोलेल, वहिनीला वाटलं. सांगेल या पोरांना, की हिच्या हुशारीने माती खाल्ली. पण नणंदेने मान खाली घातली.

“त्याचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “धागा नाहीये यात. पुस्तक माझं, तेव्हा चूक माझी. पहिल्या पानावर मी शब्द दिलाय.”

तो उंच मुलगाच रडकुंडीला आला. त्याला कोडेमावशीला पकडायचं होतं, बंद करायचं नव्हतं. वहिनीने तोंड उघडलं आणि परत मिटलं. एवढ्या वर्षांत ‘माझं चुकलं’ हे शब्द तिने इतरांच्या लिखाणातच तपासले होते.

“थांबा. माझं सांगायचं राहिलंय.”

कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावरून एक मुलगी उठली. अंगाने काटकुळी, नजर बोचरी. भावांनी तिचं नाव टाचणी ठेवलं होतं आणि ते तिला आवडायचं.

“चोर गाण्याच्या बाई आहेत,” टाचणी म्हणाली. “आणि मावशींनी काही लपवलेलं नाही. लपवलंय दुसऱ्याच कुणीतरी.”

तिने पुस्तक उचलून मुखपृष्ठ सगळ्यांना दाखवलं. उघडं, रिकामं कपाट, आणि शेजारी खुंटीवर एक लालभडक स्वेटर. वहिनीने ते मुखपृष्ठ तपासलं होतं, म्हणजे त्यावरची अक्षरं. चित्रात शुद्धलेखन नसतं, म्हणून चित्राकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

“पुस्तकात स्वेटरचा रंग कुठेच नाही. मी शोधला. मग चित्रकाराला कसा कळला? तो मनचं काढत नाही. आधीच्या पुस्तकांत बघा, पायपुसणं फाटकं लिहिलंय तर फाटकंच काढलंय. म्हणजे त्याने वाचलं तेव्हा लाल होता. नंतर गेला.”

“चोराने नेला,” एकाने विनोद केला. कुणी हसलं नाही.

“रंग कोण काढेल?” टाचणीचा आवाज आता चढला होता. “मावशी नाही काढणार. दादाकाका काही काढत नाहीत, ते बिलं तेवढी वाचतात.” दादा दारामागे खोकला. “ज्याला तो रंग चूक वाटला, तोच काढेल. आणि रंग चूक कधी वाटतो? काळोखात! पुस्तकात काळोखातल्या स्वेटरबद्दल बोलणारं माणूस एकच. मग गाण्याच्या बाईंनी काळोखात लाल स्वेटर पाहिला असं लिहिलेलं असणार. तो दिसूच शकत नाही. म्हणजे बाई खोटं बोलतात. म्हणजे चषक त्यांनीच घेतला.”

मग तिने शांतपणे बोट दाखवलं. दाराकडे, डब्याच्या बरंच वर, अंबाड्यातल्या पेन्सिलीकडे.

वहिनीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण खरं सांगायचं तर, त्या लाजेखाली तिला दुसरंही काहीतरी वाटत होतं, आणि ते होतं कौतुक. ही एवढीशी पोर माझीच जातभाई आहे! माझ्यासारखीच ओळन् ओळ गाळते.

“मीच,” वहिनी म्हणाली. एकदा निघाल्यावर शब्द सोपा होता. “मीच बदललं. माझं चुकलं. हिचा शब्द मोडलेला नाही.”

पट्ट्या फाडल्याचा जो आवाज झाला, तसा त्या खोलीत पूर्वी कधी झाला नव्हता. उंच मुलगा टाचणीच्या पाठीवर थापा मारत होता. नणंद उठली आणि चाचपडत वहिनीपाशी आली.

“सगळ्यांसमोर माझं नाव का नाही घेतलंस?” वहिनीने दबक्या आवाजात विचारलं.

“तुझं नाक कापलं गेलं असतं.”

“आणि तुझं लिहिणं गेलं असतं त्याचं काय? वेडी आहेस का तू?” वहिनी रागावली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मुलं गेली. टाचणी बिस्किटं संपवायला म्हणून मागे राहिली. दादाने हिशेबी प्रश्न काढला, भरलेल्या पेट्यांचं काय करायचं? उत्तर वहिनीने दिलं.

“शुद्धिपत्र घाला. ‘लोकरी’ऐवजी ‘लाल’ वाचावे. ‘मला घासून गेलं’ऐवजी ‘माझ्या समोरून पळालं’ वाचावे.”

“अरे देवा,” नणंद म्हणाली. “म्हणजे चोराला पुस्तकाच्या दारातच उभं केलंस. ती चिठ्ठी वाचूनच सगळ्यांना कळेल.”

तोंडात बिस्कीट असल्याने टाचणीला उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

“मग लाल एकटा नका ठेवू. गर्दीत घाला. आणखी चुका करा.”

“मी?” वहिनी म्हणाली. “चुका?”

पण तिचा हात अंबाड्याकडे गेला होता. दोघी टेबलाशी बसल्या. ‘दार’ऐवजी ‘हिरवं दार’ वाचावे. ‘चहा’ऐवजी ‘गार झालेला चहा’ वाचावे. ‘शिपाई हसला’ऐवजी ‘शिपाई खोकला’ वाचावे. एकेक दुरुस्ती नणंदेला विचारून, कारण खोटी एकही चालणार नव्हती. लाल कुठे लपवायचा यावर दोघींचं भांडण झालं. टाचणी म्हणाली शेवटी, वहिनी म्हणाली छे, शेवटचं सगळे वाचतात, मधोमध घालू, चहाच्या खाली.

“तुला ही पुस्तकं एवढी का आवडतात गं?” वहिनीने लिहिता लिहिता विचारलं.

टाचणीने विचार केला. “घरी काहीही विचारलं की म्हणतात, मोठी झालीस की कळेल. इथे तसं नाही. मोठ्यांना जेवढं सांगितलंय, तेवढंच मलाही सांगितलंय. मग ज्याचं लक्ष आहे, तो जिंकतो.”

वहिनीने आणखी एक चूक लिहिली.

पुस्तक दुकानांत गेलं. महिनाभराने एक गोल गालांचा मुलगा बापाचं बोट सोडून प्रकाशनाच्या काउंटरशी आला. पट्टी शाबूत, हातात चिठ्ठी.

“हे कुणी तपासलंय?” त्याने जाब विचारला. “किती चुका आहेत यात!”

वहिनीचे ओठ घट्ट मिटले. ही चिठ्ठी का घातली, ते खरं कारण जिभेच्या टोकावर आलं होतं. सांगितलं असतं तर कोडं फुटलं असतं.

“आहेत एक बाई आमच्याकडे,” ती म्हणाली. “वय झालंय. नजर ठरत नाही त्यांची.”

“मग काढून टाका त्यांना.”

“बघते हं, बाळा. कुठली चूक जास्त लागली तुला?”

“सगळ्याच. हे बघा, दार हिरवं. काय फरक पडतो? चहा गार. काय फरक पडतो? आणि हा स्वेटर, लोकरी असला काय आणि लाल असला...”

तो थांबला. त्याने चिठ्ठी जवळ धरली, मग पुस्तक उघडलं आणि ते पान शोधलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग ते हलायचे थांबले, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला, की वहिनी बघतच राहिली. जन्मभर पुस्तकं तपासली, पण पुस्तक वाचणाऱ्याचं तोंड तिने कधी पाहिलंच नव्हतं.

“मला कळलं!” तो ओरडला. “बाबा, मला कळलं!”

“मला सांगू नकोस हं,” वहिनी घाईने म्हणाली. “माझ्या पोटात राहत नाही.”

तो धावत दारापर्यंत गेला. तिथून परत आला, टाचा उंचावून काउंटरवर हनुवटी टेकवली आणि हळूच म्हणाला,

“त्या बाईंना काढू नका. त्या मुद्दाम करतात.”