हाताला सोसेल असं लाकूड

अर्धांगाच्या झटक्यातून आमचे हे उठले, पण उजवा हात काही केल्या साथ देईना. घास डाव्या हातानं, सही डाव्या हातानं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "चेंडू दाबून दाबून कंटाळलेत ते. हाताला आवडीचं काहीतरी द्या."

आवडीचं एकच, बाल्साच्या लाकडाची छोटी विमानं. बाल्सा म्हणजे नुसतं नावाला लाकूड, हातात घेतलं तर पापडासारखं हलकं. पण यांना माल देणारे जुने गृहस्थ मधल्या काळात दुकान मिटवून लेकीकडे राहायला गेले होते. मग लाकूड शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शिवणकाम करणारी. कापडाचं डोळे मिटून सांगेन, लाकडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

"कसलं मागवू?"

"ह... हलकं," हे म्हणाले. बोलणंही अजून अडखळत होतं.

ज्या विक्रेत्याचं लोक सगळ्यात जास्त कौतुक करत होते, त्याच्याकडून मी ऑनलाइन मागवलं. गुळगुळीत, देखण्या पट्ट्या आल्या. यांनी उजव्या हातात कटर धरला, जोर लावला, पातं सटकलं. पुन्हा लावला, पुन्हा सटकलं. पट्टी बाजूला ढकलून हे म्हणाले, "हात... मेलाय माझा." त्या दिवशी जेवलेही नाहीत. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं.

तरी मी एका मोठ्या दुकानात गेले. पाकिटं सगळी सीलबंद. "जरा उघडून दाखवता?" म्हटलं, तर विक्रेता म्हणाला, "ताई, बाल्सा म्हणजे बाल्सा. सगळं एकच असतं." हात लावल्याशिवाय मी अस्तरसुद्धा घेत नाही. तशीच बाहेर पडले.

शेवटी यांच्या एका विमानवेड्या मित्रानं एक नंबर दिला. फोन एका बाईंनी उचलला. लाकूड मागवून, कापून, निवडून विकण्याचा त्यांचा धंदा. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "काय बनवायचंय?" आणि लगेच, "कापणार कोण?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. मला सांगायचं नव्हतं, पण सगळं सांगून बसले, आणि सांगता सांगता रडू फुटलं.

त्या म्हणाल्या, "आधीची पट्टी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा बघू. मी थांबते."

मी वजन सांगितलं, लांबी-रुंदी-जाडी सांगितली.

"अहो, हे तर दुपटीनं जड आहे! बाल्सातही कडक माल निघतो. धडधाकट माणसालासुद्धा यावर तीन-तीनदा पातं फिरवावं लागतं. त्यांच्या हाताचा दोष नाही हा. आधी त्यांना जाऊन हे सांगा. लाकडाचं मग बघू."

मी फोन चालूच ठेवून आतल्या खोलीत गेले आणि सांगितलं. यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून पाहिला. मग म्हणाले, "भूक... लागलीय."

बाईंनी पाठवलेल्या पट्ट्या दिसायला साध्याच होत्या. यांनी एक उचलली, हलकेच वाकवली, गालाला लावली. मी रेशीम पारखते ना, अगदी तसं. मग कटर उजव्या हातात, त्यावर डावा हात. पातं अलगद आत गेलं. पंखाची पहिली फासळी इतकी वाकडी निघाली की आम्ही दोघंही हसत सुटलो. त्यांचं हसू अर्ध्याच चेहऱ्यावर उमटलं, पण मला ते पुरून उरलं.

पुढे कित्येक दिवस जेवणाच्या टेबलावर भुसा, डिंक आणि टाचण्या. जेवण आम्ही मांडीवर ताटं घेऊन केलं. विमान पूर्ण झालं, तेव्हा मैदानावर यांनी स्वतः ते उजव्या हातानं सोडलं. थोडं डावीकडे झुकत का होईना, पण चांगलं लांब गेलं आणि गवतात उतरलं.

घरी आल्यावर म्हणाले, "फोन... लाव." वाटेत ओठांतल्या ओठांत काय घोकत होते, ते आता कळलं.

"बाई, मी... उजवा हात बोलतोय. उपकार... झाले."

पलीकडे बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "आता काय पाठवू?"

"जरा... कडक."

मी फोन घेतला आणि पत्ता सांगू लागले.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "पत्ता आहे माझ्याकडे."