गार चहा आणि चंद्राआडची वाट

मित्रांनो, चंद्र उगवला की त्याच्या कडेकडे बघा. मी दिसणार नाही, पण असेन तिथेच. मी चंद्राभोवती फिरणारे एक जुने यान आहे.

मला घडवणाऱ्यांनी माझ्या पोटात चाके बसवली. चाक एकीकडे फिरले की मी दुसरीकडे वळते. पृथ्वीवरच्या एका खोलीतून अप्पा मला सांभाळत. मी चंद्राआड गेले की आमचे बोलणे तुटे. तेव्हा अप्पा चहा ओतून घेत, पण माझी हाक आल्याशिवाय घोट घेत नसत.

"अप्पा, गार झाला की," सगळे चिडवत.

"होऊ दे. बाई परत येऊ दे आधी." बाई म्हणजे मी.

पुढे माझे एक चाक थंडीत अडू लागले. "माझे गुडघे तरी कुठे ऐकतात?" अप्पा म्हणाले. त्यांनी खोलीतूनच आज्ञा पाठवून चाक हलकेच उलटे फिरवले, मग सुलटे. चाक सुटले.

एका हिवाळ्यात अप्पा गेले. त्यांची मुलगी त्याच खोलीत काम करी. दिवसकार्य आटोपून ती कामावर परतली, पण त्यांच्या खुर्चीत बसली नाही, शेजारी बसली.

आणि चाक पुन्हा अडले. उन्हातून वीज बनवणारे माझे पंख उन्हाकडे वळेनात, वीज सरत चालली.

"सगळा जोर लावा," खोलीतले मोठे साहेब म्हणाले.

"जोरानं ते जळेल, साहेब," मुलगी म्हणाली. "आधी थोडं उलटं फिरवू."

"तेवढ्यात उरलीसुरली वीज गेली तर?"

"तर बाई गेली. पण अप्पांनी हेच केलं असतं."

साहेब रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. "पाठव," ते म्हणाले.

आज्ञा पोचली आणि मी चंद्राआड गेले. तिथला अंधार कसा सांगू? पृथ्वी नाही, हाक नाही. खाली काळे डोंगर आणि वर इतके तारे, की आपण केवढेसे आहोत हेही विसरावे. त्या शांततेत चाक किंचित मागे गेले. थांबले. मग पुढे फिरले. मी वळले, आणि चंद्राच्या कडेवरून आलेले ऊन थेट माझ्या पंखांवर पडले.

पुढे निळी पृथ्वी वर आली. मी हाक दिली.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलीने मघाशी ओतून ठेवलेला चहाचा कप उचलला.

"गार झालाय तो," साहेब म्हणाले.

"असाच प्यायचा असतो."

मित्रांनो, तुमच्या घरातले जुने कुणी किंवा काही अडले, तर लगेच जोर लावू नका. त्याला जरा मागे जाऊ द्या. मी आता पुन्हा चंद्राआड चालले आहे. खाली कुणीतरी चहा ओतला असेल.