मागच्या दारचं ताट

म्हापशाहून आलेल्या बसमधून सगुण उतरला, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि चेहरा चोरासारखा झाला होता. पिशव्यांत पेढे होते. पेढे आणण्यात चोरी कसली, असं तुम्ही विचाराल. वाचकहो, तेच तर सांगायचं आहे!

सगुण पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून. वय त्रेपन्न. पहिली बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात अडुसष्ट वर्षांची थोरली बहीण पद्मावती, जिला सगळा वाडा बाय म्हणतो. १९८७च्या सुरुवातीला सारा गोवा मराठी की कोंकणी या भांडणात गुंतला होता. तेवढ्यात सगुणने रजिस्टर लग्न उरकून घेतलं, आणि तेही समोरच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या लिबराता नर्सशी! लिबराता शेचाळीस वर्षांची. नवरा बोटीवर होता, तिकडेच वारला. पदरी सोळा वर्षांची लुर्डीन. वाड्याने बोटं मोडली. “केस पिकले आणि आता गुडघ्याला बाशिंग,” असं लोक म्हणाले. मग लिबराताने दोन ट्रंका आणि एक मुलगी घेऊन रस्ता ओलांडला, आणि दोन घरांचं एक घर झालं.

मे महिन्यात गोवा राज्य झालं. शाळेच्या पटांगणात सभा झाली, तिथे सगुण भाषणाला उभा राहिला. “आम्ही सगळे गोंयकार! एका ताटात जेवणारे!” टाळ्या पडल्या. भाषणात एका ताटात जेवायला काय जातं?

आता डिसेंबर आला. लिबराताचा या घरातला पहिला नाताळ. चार दिवस मायलेकी नेवऱ्या म्हणजे करंज्या करत होत्या, नारळ-गुळाचं दोदोल ढवळत होत्या. बाय उंबऱ्यावर बसून नारळ किसून देत होती. किसलेलं खोबरं चालत होतं, त्याचं झालेलं दोदोल मात्र ती तोंडात घालणार नव्हती. तिचं सोवळं कडक. लुर्डीनने बांबूच्या कामट्यांचं नखेत्र, म्हणजे नाताळचा चांदणीसारखा कंदील, करून तुळशीशेजारी टांगलं होतं.

चोवीस तारखेला सकाळी वाड्यातल्या अकरा घरांत ताटं जायची होती. आणि इथेच वाड्याची एक जुनी रीत आडवी येत होती. किरिस्तांवाच्या, म्हणजे ख्रिश्चनाच्या, घरून नारळ आला, केळी आली, तर घरात घ्यायची. रांधलेलं काही आलं, तर पुढच्या दाराने हसत घ्यायचं आणि मागच्या दाराने गाईला घालायचं. देणाऱ्याला कळत नाही, घेणारा बाटत नाही. केवढा हा शहाणपणा! म्हणून सगुण हलवायाकडचे पेढे घेऊन आला होता.

“हें कित्याक?” लिबराताने पिशवीत डोकावून विचारलं.

“अगो, वाड्यात वाटूक. तुज्या नावान दिवया. हलवायाकडचे आसत, कोणाक अडचण नाय.”

“म्हणजे माजां नाव चालता, माजो हात चालना नाय?”

“वाद नको गो. पयलोच नाताळ.”

 लिबराताने पदराला हात पुसले.

“मग मी आनी लुर्डीन कोलवाळाक जातंव, भावाच्या घराक. थंय माज्या हातचां खातत. हय रवान मी खोटी बायल कशाक होव?”

लुर्डीन खुर्चीवर चढून नखेत्राची दोरी सोडू लागली. सगुण नुसताच बघत उभा राहिला. दहा महिन्यांत सांधलेलं घर त्याच्या डोळ्यांदेखत उसवत होतं आणि तो पेढ्यांच्या पिशव्या सावरत होता. भाषणं करणाऱ्यांचं हे असंच होतं.

“पोरी, उतर खाली,” उंबऱ्यावरून बाय म्हणाली. “लिबराता, बस हय. तू अठरा वर्षां समोरसून आमका ताटां पाठयलंस. ती खंय जायत, म्हायती हा तुका?”

सगुणने मान खाली घातली.

“मी पुढल्या दारान घेतलंय, ‘देव बरें करूं’ म्हटलंय, आनी मागल्या दारान गाईक घातलंय. ह्याच हातांनी.”

“माका ठावक असा, बाय,” लिबराता शांतपणे म्हणाली. “दर नाताळाक तुमची गाय माज्या दारात येवन उबी रवाय.”

“तरी पाठयलंस?”

“पाठवणां माजां काम. खावचां की टाकूचां, तां तुमचां.”

बायने विळी बाजूला सारली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

“सतराव्या वर्षी माजो घोव गेलो. तेव्हापासून ह्या वाड्यातल्या सगळ्या लग्नांचां खोबरां मी किसलंय. पण नवरीची ओटी भरूची वेळ इली की म्हणत, ‘बाय, तू जरा मागे रव.’ माजे हात व्हये, मी नको! त्येचां दुख माका ठावक. आनी तांच मी हिका दिलंय!” मग ती सगुणकडे वळली. “आनी तू रे! सभेत एका ताटात जेवतंस आनी घरात पेढे हाडतंस? घाल ते गाईक. ती नाताळाक सवकली हा!”

लुर्डीनला हसू फुटलं. बायने ताटातली नेवरी उचलली, सगळ्यांसमोर तोंडात घातली आणि चावून चावून खाल्ली. अडुसष्ट वर्षांचं सोवळं! पण आभाळ कोसळलं नाही, की घराचं एक कौलही हललं नाही.

“गूळ बरो पडलो हा,” ती म्हणाली. “उचला ताटां.”

बाय पुढे, ताटं घेतलेला सगुण मागे. पहिलं घर गोकुळदासचं. देवळाच्या कमिटीतला मोठा माणूस. त्याच्या बायकोने, देवकीने, नेहमीसारखं हसत ताट घेतलं आणि ती आत वळली. बायने सोप्यावर बैठक मारली.

“देवकी, हयच खा. माज्यासमोर.”

देवकी थबकली. आतून गोकुळदास बाहेर आला. “बाय, म्हातारपणी धर्म बुडवतलंस?”

“बुडूक धर्म काय होडी हा? तुका नको तर नको म्हण, माका राग नाय. ताट परत नेतंय. पण हसान घेवन गाईक घालूचां नाय. आजपासून ह्यां बंद!”

“सगुणा, तू तरी भयणीक समजाय.”

सगळे सगुणकडे पाहू लागले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. इतकी वर्षं तो अशा वेळी ‘बघूया’ म्हणत आला होता.

“तिका काय समजावतलंय? चुकलंय तो मी!” तो म्हणाला, आणि आवाज आपलाच आहे का, असं त्याला वाटलं. “ह्यां माज्या बायलेच्या हातचां. खावचां तर तोंडात जावंदे, नाय तर माज्या हातात परत दी.”

“तर मग नको,” गोकुळदास म्हणाला.

देवकीने ताट परत केलं. पण करताना त्यातली एक नेवरी उचलली, नवऱ्याकडे न बघता तिथेच दाताखाली तोडली आणि आत निघून गेली!

दुपारपर्यंत सगळा वाडा पालथा घालून झाला. सात घरांनी ताटं ठेवून घेतली. कुणी आनंदाने खाल्लं, कुणी बायच्या धाकाने. चार घरांनी तोंडावर नकार दिला. ती चार ताटं हातांवर घेऊन सगुण भर रस्त्याने, ताठ मानेने घरी आला.

मित्रहो, भेदभाव शिवीगाळ करूनच होतो असं नाही. तो पुष्कळदा गोड हसून, आभार मानून, मागच्या दाराने होतो. उतारवयात दोन घरं एक होतात तेव्हा नुसत्या ट्रंका आणून भागत नाही, माणसाच्या हातालाही घरात जागा द्यावी लागते. आणि ती द्यायची नसेल, तर निदान तोंडावर तसं म्हणण्याची हिंमत तरी असावी!

सगुणला मात्र ती चार ताटं लागली होती. “लिबराता, चार घरांनी घेतलां नाय गो,” तो खजील होऊन म्हणाला.

“त्यांचां सोड,” लिबराता म्हणाली. “अठरा वर्षांत आज पयल्यांदाच ते माज्याकडे खरां बोलले.”