सव्वादोन मिलिमीटरची चूक

बाबांच्या लेखी माणूस म्हणजे त्याच्या टायरवरचा आकडा. "पावणेदोनशे पासष्ट चौदा आलाय, त्याला चहा दे," असं ते म्हणत, आणि आत यायचे ते गावातले दातांचे डॉक्टर. नाव, गाव, हुद्दा, सगळं दुकानाच्या पायरीबाहेर.

थोरली लेक त्यांच्याच हाताखाली शिकली. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या किती टक्के उंची. शेवटचा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचात. "एका टायरला तीन सासवा," बाबा सांगायचे, "तिघींचंही ऐकायचं." रिमच्या बोल्टची भोकं तर त्याहून हट्टी; ती ज्या वर्तुळावर असतात, त्याचा व्यास गाडीशी तंतोतंत जुळावा लागतो. चार भोकं असली तर समोरासमोर पट्टी लावली की झालं. पाच असली की कुठल्याच भोकासमोर भोक येत नाही. तिथे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून गुणाकार करावा लागतो. बाबा तो तोंडी करत.

गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्याला गळती लागली. आधी नावं गेली, मग वार गेले, मग घराचा रस्ता. आकडे तेवढे राहिले. आई म्हणाली, आता त्यांना घरी बसव. दोन दिवस बसवून पाहिलं, तर त्यांनी जेवण सोडलं. मग लेकच हट्टाला पेटली. "माप चुकत नाही तोवर बाबा दुकानात येणार," तिने आईला ठणकावलं. "चुकलं, की मी स्वतः त्यांना घरी बसवीन." बोलून गेली खरी, पण त्या दिवसापासून बाबांनी पट्टी उचलली की ती हातातलं काम सोडून त्यांच्यामागे जाऊन उभी राहायची.

मंगळवारी ती टायरच्या ट्यूब आणायला तासभर बाहेर गेली होती. परत आली तेव्हा कामाच्या कागदावर बाबांचं ठसठशीत अक्षर होतं: जुन्या बाजारातल्या चार रिम बसवल्या, पाच भोकं, एकशे बारा. शेजारी गाडीचं नाव. त्या गाडीला लागतात एकशे चौदा पूर्णांक तीन. साधारण सव्वादोन मिलिमीटरचा फरक. अशी रिम बोल्टवर चढते, नटही आवळले जातात, पण ती नीट टेकत नाही आणि चालता चालता नट सुटत जातात.

तिने गाडीच्या मालकिणीला फोन लावला. "बाई, असाल तिथे गाडी कडेला घ्या. हळू. आणि उतरा."

जॅक आणि त्या बाईंची जुनी चाकं व्हॅनमध्ये टाकून ती पोचली, तेव्हा बाई तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन फुटपाथवर उभ्या होत्या. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट तिने नुसत्या बोटांनी फिरवले. तिने चारही चाकं बदलली आणि दहा वेळा माफी मागितली.

दुकानात आल्यावर तिने ती चाकं भिंतीशी उभी केली. बाबांनी एक पुढ्यात ओढलं, शेजारच्या दोन भोकांवर पट्टी धरली, ओठ हलवले.

"ही एकशे बाराची," ते म्हणाले. "कुठून काढलीस?" तिने गाडीचं नाव सांगितलं.

बाबांचा चेहरा उतरला. "तिला एकशे चौदा पूर्णांक तीन लागतं. कोणी बसवली ही?"

तिने कामाचा कागद घडी करून खिशात घातला.

"जीव गेला असता कुणाचा तरी. उद्यापासून त्या माणसाला दुकानात घेऊ नकोस."

"बरं, बाबा."

थोडा वेळ ते रिमवरून हात फिरवत राहिले. "पण तोंडावर चूक काढू नकोस हं. म्हातारा असेल तर मनाला लावून घेईल. काहीतरी कारण सांग."

"काय सांगू?"

"सांग, दुकान थोडे दिवस बंद आहे."

सकाळी बाबा धुतलेला शर्ट घालून दाराशी तयार उभे होते. आई स्वयंपाकघरातून बघत होती. लेकीने त्यांच्या शर्टाची वर-खाली लागलेली बटणं सोडून पुन्हा नीट लावली. तिला बराच वेळ लागला.

"बाबा," ती म्हणाली, "दुकान थोडे दिवस बंद आहे."