डावं पुढचं चाक

मिस्त्रीच्या गॅरेजात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. गाडी अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकं सरळ करायच्या, मशीनवर चढवण्याआधी तो गाडीवाल्याच्या शेजारी बसून दोन किलोमीटर फिरून यायचा. गाडीवाला घाईत असो, फोनवर बोलत असो, वैतागलेला असो, चक्कर चुकत नसे. कुणी ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढतो, कुणी उभ्या गाडीची चाकं गरागरा वळवतो, कुणी गतिरोधकावरून अर्धं चाक वाचवायला जातो. मशीनला यातलं काय कळणार? मशीन फक्त चाक किती वाकडं झालंय ते सांगतं. हे सगळं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि ऐकवताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

त्या नियमाला अपवाद एकच होता, आणि तो घरचा.

दादाची पिकअप म्हणजे अजस्र प्रकरण. पुढे हाताच्या पंजापेक्षा रुंद टायर, मागे एका कामाच्या जागेवरून दुसरीकडे न्यायचे जनरेटर. एकेक जनरेटर उचलायला क्रेन लागायची. बावीस वर्षं दादा हेच काम करत होता आणि मिस्त्रीला गाडी शिकवली तीही त्यानेच, मांडीवर थापट्या मारून. वडील गेल्यावर वह्या-पुस्तकं, बूट, शिस्त, मार, सगळं दादाकडूनच मिळालं. मिस्त्री आता चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता, डोक्यावर केस कमी आणि पोट जास्त अशी अवस्था होती, तरी दादा चार लोकांत त्याला छोट्या म्हणूनच हाक मारायचा. अशा माणसाच्या शेजारी बसून तो गाडी कशी चालवतो ते तपासायचं, हा विचार मिस्त्रीच्या मनात कधी आलाच नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा डावा पुढचा टायर बाहेरच्या कडेने झिजला होता. मिस्त्रीने सवयीने तळहात फिरवला. बाहेरून आत गुळगुळीत, आतून बाहेर आणताना रबराची टोकं बोटांना अडकली. म्हणजे चाकाचं तोंड आत वळलं होतं. टायरच्या अंगावर ओरखडेही होते.

"हे कुठे घासलंस?"

"अरे, कामाच्या जागेवर रस्ता असतो का कुठे? दगडधोंड्यांतूनच जायचं."

पटण्यासारखं होतं. मिस्त्रीने गाडी मशीनवर घेतली, चाकं सरळ केली, आकड्यांचा कागद छापून दादाच्या हातात दिला आणि एक प्रत आपल्या फायलीत लावली. दोघांनी चहा घेतला. दादाने जाताना त्याच्या पाठीत धपाटा घातला.

सहा आठवड्यांनी गाडी परत आली. तेच चाक, तीच कड.

मिस्त्री ओशाळला. आपल्या हातून काहीतरी सुटलं असणार, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने टाय रॉड बदलला, बॉल जॉइंट बदलले, बेअरिंग उघडून पाहिलं. मागे जनरेटर असताना गाडीचं नाक वर उचललं जातं, म्हणून वजन ठेवून एकदा मापलं आणि काढून एकदा. एका गाडीवर त्याने अख्खा दिवस घालवला.

त्यानंतर पाच आठवड्यांनी दादा तिसऱ्यांदा आला तो कपाळावर आठ्या घेऊनच.

"छोट्या, मशीन बिघडलंय की तू बिघडलायस?"

समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मिस्त्रीचा चेहरा उतरला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण दादापुढे त्याचं तोंड उघडत नसे. त्या दिवशी त्याने दोरी लावून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मापली. टोकापासून टोकापर्यंत, दोन्ही कर्ण, दोनदा. चासी सुतात सरळ होती. चाकं पुन्हा सरळ केली, तिसरा कागद फायलीत लावला, आणि आता हात टेकले असं स्वतःशीच म्हणाला.

चौथ्यांदा गाडी आली ती तीनच आठवड्यांनी. तेव्हा मात्र त्याचं डोकं सटकलं. त्याने गाडीला हात लावला नाही, टायरकडे पाहिलं नाही. हात पुसले, दार उघडलं आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसला.

"चल. गाडी सरळ जाते का नाही ते तुझ्याच हाताने दाखवतो."

तो रागाने बसला होता, आणि ही गोष्ट पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचत राहिली. काळजीने बसला असता तरी काही वाटलं असतं. तो आपली बाजू खरी करायला बसला होता.

गॅरेजच्या फाटकातून बाहेर वळताना डावं चाक कडेच्या दगडावर चढून दाणकन खाली आलं.

"खड्डे बुजवायचं नाव नाही कुणाचं," दादा म्हणाला.

तिथे खड्डा नव्हता. मिस्त्रीने दादाकडे पाहिलं. दादा मजेत होता, एक हात स्टिअरिंगवर, समोर नजर, मागच्या आठवड्यातल्या कुठल्याशा मुकादमाची नक्कल करून सांगत होता. पुढच्या वळणावर चाक परत दगडाला घासलं. रबराचा तो कर्रर्र आवाज मिस्त्रीने आयुष्यात हजारदा ऐकला असेल. दादा मात्र बोलतच राहिला. मिस्त्रीचा राग कुठल्या कुठे गेला.

मग ती बाई आली. रस्त्याच्या डाव्या कडेने सायकल हातात धरून चालली होती, मागच्या कॅरिअरवर कपड्यांचं गाठोडं. भर उजेड, रस्ता मोकळा. पिकअप सरळ तिच्या अंगावर निघाली होती आणि दादा हसत होता. मिस्त्रीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग खेचलं. गाठोड्याला आरसा लागला, गाठोडं पडलं, बाई वाचली. गाडी पलीकडे जाऊन थांबली आणि बाईने मागून दोघांचा यथेच्छ उद्धार केला. तिचं अगदी बरोबर होतं.

"वेड लागलंय का तुला? चालत्या गाडीचं स्टिअरिंग खेचतोस?"

"दादा, ती बाई दिसली नाही तुला?"

"कुठली बाई?"

त्या विचारण्यात बचाव नव्हता, बतावणी नव्हती. दादा खरोखरच विचारत होता. मिस्त्रीने आपला हात दादाच्या डाव्या गालापासून वीतभर अंतरावर धरला आणि हलवला.

"समोर बघ. मान वळवू नकोस. मी काय करतोय सांग."

"काय करणार? बसलायस."

हात हलतच होता. मिस्त्रीला तो थांबवता येईना.

पुढचे चार दिवस तपासण्यांत गेले. डॉक्टरने डोक्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि मेंदूतली गाठ दाखवली. त्या गाठीने दादाच्या नजरेचा डावा अर्धा भाग हळूहळू पुसून टाकला होता. डोळे दोन्ही ठणठणीत होते, पण डावीकडचं जग मेंदूपर्यंत पोचतच नव्हतं, आणि पोचत नाही हेही दादाला कळत नव्हतं.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरने विचारलं.

"पंधराएक दिवस झाले असतील," वहिनी म्हणाली. "डोकं दुखतं म्हणत होते."

मिस्त्रीने खिशातून तीन कागद काढून टेबलावर ठेवले. ते आणायला तो त्याच सकाळी गॅरेजात जाऊन आला होता. डॉक्टरला आधी काही उमजेना. चाकांची चित्रं, कोन, आकडे, आणि वर कोपऱ्यात तारीख. मिस्त्रीने पहिल्या कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. साडेतीन महिने होत आले होते.

"तेव्हा तो डावीकडे धडकायला लागला होता," तो म्हणाला. "मी तीनदा चाक सरळ केलं आणि तीनदा त्याला परत गाडीवर बसवलं."

डॉक्टरने तारीख लिहून घेतली. गाठ फार आत शिरली होती, आता ती काढणं शक्य नव्हतं. पहिल्या तारखेला आणलं असतं तर काढता आली असती का, हे मिस्त्रीने विचारलं. डॉक्टर म्हणाला, "कदाचित." तो 'नाही' म्हणाला असता तर मिस्त्रीने त्याचे पाय धरले असते.

बाहेरच्या बाकावर वहिनी बसली होती. मिस्त्री तिच्यासमोर उभा राहिला.

"वहिनी, परक्या माणसाच्या शेजारी मी पहिल्याच दिवशी बसलो असतो. दादाच्या शेजारी बसलो नाही. तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"भाऊजी, ताटात डावीकडे वाढलेलं ते तसंच ठेवायचे," ती म्हणाली. "मला वाटलं, चटणी-कोशिंबीर आवडेनाशी झाली. मग एक दिवस मी सहज ताट फिरवलं तर सगळं खाल्लं. म्हटलं, असेल लहर. तेव्हापासून रोज अर्धं जेवण झालं की मी ताट फिरवायचे. दोन महिने फिरवलं. त्यांना कळूसुद्धा दिलं नाही."

एवढं बोलून ती रडायला लागली. मिस्त्री तिच्या शेजारी बसला. एकाच माणसावर जीव असलेली ही दोन माणसं, आणि दोघांनी मिळून त्याचा आजार त्याच्यापासून नीट झाकून ठेवला होता.

दादा घरी आला आणि पलंगालाच खिळला. बोलायचा, हसायचा, पण दिवसेंदिवस कमी. मिस्त्री गॅरेज बंद करून रोज दुपारी यायचा. वहिनीने पलंगाच्या उजवीकडे त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती आणि तो तिथे बसून गॅरेजातल्या गिऱ्हाइकांच्या फजित्या सांगायचा.

एक दिवस तो आला तेव्हा दादाला डोळा लागला होता. उशीवर त्याचं डोकं इतकं लहान दिसत होतं की मिस्त्रीला भडभडून आलं. दादासमोर रडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि दादा कधीही जागा झाला असता. मिस्त्रीने खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घालून डावीकडे नेऊन ठेवली आणि तिथे बसून रडला. पोटभर, तोंडावर रुमाल दाबून, भावापासून हातभर अंतरावर.

दादाने डोळे उघडले. उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

"अगं, छोट्या आला नाही का आज?"

वहिनी दारात थबकली. तिने मिस्त्रीकडे पाहिलं.

"येईल," दादा स्वतःशीच म्हणाला. "कुणाच्या तरी गाडीत बसला असेल."

मिस्त्रीने तोंड पुसलं. खुर्ची उचलली, आवाज होऊ नये म्हणून जरा वरच धरली, आणि पलंगाला वळसा घालून दादाला दिसेल अशी मांडली.

"आलो, दादा," तो म्हणाला.

"उशीर केलास."

"हो," मिस्त्री म्हणाला. "उशीर झाला."