शेगडीचं दार

अंधारून यायला लागलं की लाकडं जाळायच्या बंद लोखंडी शेगडीचं दार खट्ट वाजायचं आणि बोटभर उघडायचं. मग धुराची बारीक रेघ पाळण्याकडे निघायची. सासूबाई ह्याच वेळी शेगडीत लाकूड सारायच्या, दार लावून त्याच्या मुठीवर तळहाताने एक थाप द्यायच्या. त्या गेल्या तेव्हा बाळ माझ्या पोटात होतं. नवरा म्हणायचा, आई नातवाला बघायला येते. सुरुवातीला मलाही ते गोड वाटलं.

मग बाळ खोकायला लागलं. झोपेत, बारीक, एखाद्या म्हाताऱ्यासारखं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, घरात धूर होतो का?

मी दुरुस्तीचं काढलं तशी नवऱ्याचा चेहरा उतरला. "माझ्या आईच्या तोंडावर दार लावतेस होय?" हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

दुपारी बाळ झोपल्यावर मी गार शेगडीचं दार बिजागरीवरून काढून पालथं घातलं. धूर अडवायला कडेने खाचेत बसवलेली न जळणारी दोरी चपटी, टणक झाली होती. ती खरवडून काढली. खालच्या कोपऱ्यात दोरी नव्हतीच; तिथे चिंधी कोंबलेली होती. कडा करपलेल्या, पण मधला निळा रंग ओळखू आला. सासूबाईंच्या शालीचा.

चिंधी हातात घेऊन मी बसून राहिले. बाळ खोकलं तेव्हा उठले. खाचेत आच सोसणारा गोंद भरला, नवी दोरी न ताणता दाबत दाबत बसवली. गोंद वाळल्यावर दार चढवलं, कागदाची पट्टी दारात धरून लावलं आणि ओढली. पट्टी फाटली, पण निसटली नाही.

दुसऱ्या दिवशी शेगडी पेटवली. अंधारून आलं. नवरा खुर्ची ओढून समोर बसला होता. खट्ट आवाज आला नाही.

"नाही आली," तो हळूच म्हणाला.

मी लाकूड घातलं. दार लोटलं, मूठ अर्धी फिरवली तोच बाळ कुरकुरलं, म्हणून तशीच टाकून पाळण्याकडे धावले. नवराही मागे आला.

पाठीमागे खट्ट झालं.

आम्ही वळलो. दार घट्ट लागलेलं. मूठ पुरती खाली दाबलेली. शेगडीजवळ कुणीच नव्हतं.

नवऱ्याने माझा दंड धरला.

"अगं," तो म्हणाला, "ती उघडायला नव्हती येत. लावायला येत होती. लागतच नव्हतं दार तिला."